स्कोनला कणकेचा हात चालत नाही

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात राहायचं म्हणजे स्कोन टळत नाहीत. शेजारणीच्या चहाला, चर्चच्या मदतनिधीच्या टेबलावर, समुद्रकाठच्या टपरीत, सगळीकडे तेच. घरी करता करता कळलेल्या गोष्टी अशा:

१. साधारण आठ स्कोनना २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा, ५५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम बेदाणे, चिमूटभर मीठ आणि १५० मिलिलिटरपर्यंत दूध. हा फुगणारा मैदा ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरने शोधला आणि १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुण्यातल्या बहिणीला मात्र मी साधा मैदा आणि तीन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर घ्यायला सांगते.

२. शंकरपाळ्यांना मोहन कडकडीत. इथे फ्रिजमधून नुकतं काढलेलं लोणी. ते बोटांच्या टोकांनीच चोळायचं, कारण तळवा गरम असतो. मिश्रण जाड रव्यासारखं दिसलं की थांबावं. लोण्याचे हे कण भट्टीत वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि स्कोन खुसखुशीत होतो. आधीच वितळलेलं लोणी पिठात मुरून बसतं. बहीण मे महिन्यात लोणी गोठवून किसणीवर किसते. मलाही ते पटलं.

३. सगळ्यात कठीण धडा हाच. आपल्या हातांना लहानपणापासून वळण काय? कणीक तिंबावी, मुरू द्यावी, पुन्हा मळावी. त्याने मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. पोळीला ते हवंच, पण स्कोन त्यानेच चिवट होतो. दूध थोडं थोडं घालत बोथट सुरीने कालवायचं, पीठ जेमतेम एकत्र आलं की ओट्यावर काढायचं. दिसायला ते ओबडधोबड, चिकट, सासूबाईंनी नाक मुरडावं असं. तसंच राहू द्यावं. लाटणंही नको, हाताने थापलेलं पुरे.

४. बेदाणे गरम चहात भिजवून घट्ट पिळून घ्यावेत. थापलेल्या पिठावर डोकावणारे आत ढकलावेत, नाहीतर करपून कडू होतात. टूटीफ्रूटी घालणाऱ्यांशी माझं जमत नाही.

५. जाडी अडीच सेंटीमीटर. कापायचा साचा सरळ खाली दाबायचा, पिळायचा नाही. पिळला तर कडा मिटतात आणि स्कोन एका अंगाला कलतो. वरून दूध लावताना ओघळ बाजूंवर येऊ देऊ नये, तेही फुगण्याच्या आड येतं. उरलेल्या तुकड्यांचे पुन्हा थापून केलेले स्कोन थोडे चिवट होतात. ते करणाऱ्याने खावेत.

६. ओव्हन आधीच २२० अंशांवर तापलेला हवा. बारा ते पंधरा मिनिटं.

७. डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्लॉटेड क्रीम, मग जॅम. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये बरोबर उलट, आणि दोन्हीकडे माणसं त्यावर हिरिरीने भांडतात. हे क्रीम आपल्या दाट सायीचंच भावंड, स्निग्धांश ५५ टक्क्यांच्या पुढे. गरम स्कोनवर ते आधी लावलं तर वितळतं, म्हणून खरं तर कॉर्नवॉलवाले शहाणे. हे मी इथे मोठ्याने बोलत नाही.

८. दुसऱ्या दिवशी स्कोन कोरडा पडतो. पाहुणे थोडे असतील तर उरलेल्या कच्च्या चकत्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. त्या तशाच गोठलेल्या ओव्हनमध्ये जातात, फक्त चार-पाच मिनिटं जास्त.