दुसरा कोस

आजचे वाचन : मत्तय ५:३८-४२



अंधेरीच्या आमच्या ऑफिसात लिफ्टशेजारी एक पोस्टर आहे, 'गो दि एक्स्ट्रा माइल'. म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा थोडं जास्त, तेही मनापासून करा. गेल्या आठवड्यात सहाला निघालेल्या एका मुलीला मी हेच वाक्य ऐकवलं आणि आणखी दोन तास बसवून घेतलं. तिला विरार गाडी पकडायची होती. ती काही बोलली नाही.

आज हा उतारा वाचताना मी थांबलो. त्या इंग्रजी वाक्प्रचाराचा उगम इथेच, ४१व्या वचनात आहे. प्रभू येशूच्या काळी यहूदी लोकांवर रोमचं राज्य होतं. रोमी शिपाई वाटेतल्या माणसाला धरून ओझं वाहायला लावत. रोमी मैल हजार दुहेरी पावलांचा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर.

आपल्या मराठी शास्त्रात मैलाच्या जागी 'कोस' आहे आणि 'वेठीस धरणे' हे शब्द आहेत. वेठ काय असते ते आपल्या गावांना वेगळं सांगायला नको. वतनाच्या नावाखाली महार समाजाला पिढ्यान्‌पिढ्या राबवलं गेलं. डॉ. आंबेडकरांनी त्याविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. पुढे संविधानाच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली.

पुढे मत्तय २७:३२ मध्ये कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहायला लावतात, तिथे मूळ ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे.

आता नीट पाहा, प्रभू हे कोणाला सांगतो? ओझं लादणाऱ्याला नाही, वाहणाऱ्याला. पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा. दुसरा कोस त्या माणसाच्या स्वतःच्या मनाचा. तिथे तो गुलाम राहत नाही, देणारा होतो. पण शिपायानेच दुसरा कोस मागितला तर? मग तीही वेठच.

इतकी वर्षं हे वचन वाचताना मी स्वतःला ओझं वाहणारा समजत होतो. त्या संध्याकाळी मी शिपाई होतो. उद्या तिची माफी मागायची आहे, आणि उरलेलं काम मीच करायचं आहे. माझा दुसरा कोस तो.

मनन : आज मी कोणाकडून दुसरा कोस हक्काने मागतो आहे? घरात, कामावर, मंडळीत?

प्रार्थना : प्रभू, मला दुसरा कोस चालायला शिकव, दुसऱ्याला चालवायला नको. आमेन.