सुगंधी तेलाची कसोटी

शास्त्रपाठ : योहान १२:१-८, मार्क १४:३-९, आमोस ६:४-६

इंदूरला राजवाड्याजवळ सराफा बाजार आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात. रात्री दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी ह्यांची दुकाने लागतात व गल्ली खमंग वासाने भरून जाते. पूर्वीपासून सराफ दागिना काळ्या कसोटीवर घासतो, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतो आणि मगच भाव सांगतो. आता यंत्रे व हॉलमार्क आले, पण नियम तोच : आधी पारख, मग किंमत.

अत्तराची पारख कशी करावी? लग्नसराईत आपल्या घरांतूनही हा प्रश्न निघतो. एखाद्या परदेशी बाटलीला मजुराची महिन्याची कमाई मोजावी लागते. ती तेवढ्या मोलाची असते काय? बाटलीचा डौल व जाहिरात ह्यांवर जाऊ नये. मनगटावर थेंब लावून काही तास थांबावे. पहिला दरवळ उडून जातो. मागे उरतो त्यावरून पारख करावी. श्रमांचेही मोल असते. एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे तीन ते चार हजार किलो फुले लागतात. कनोजला आजही तांब्याच्या डेगेत फुले उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. तेव्हा उंची अत्तर महाग असते ह्यात सारीच लबाडी नसते.

आता बेथानीच्या घरात जाऊ. मरीयेने आणलेले तेल जटामांसीचे होते. ही वनस्पती हिमालयात उंचावर वाढते व तेल तिच्या मुळांपासून निघते. वजन रोमी रत्तलभर, म्हणजे सुमारे २८ तोळे. किंमत तीनशे दिनार. मत्तय २०:२ प्रमाणे दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. शब्बाथ वगळले तर ही जवळजवळ वर्षाची कमाई झाली.

१. यहूदाचा हिशेब. यहूदाने सांगितलेला भाव खोटा नव्हता. बाजार त्याला ठाऊक होता. परंतु पुढे त्याने प्रभूला तीस रुप्यांना विकले. ती नाणी शेकेल धरली, तर सुमारे १२० दिनार होतात. तेलाचे मोल त्याने बरोबर केले आणि प्रभूचे मोल त्याच्या निम्म्याहूनही कमी ठरवले! भाव ठाऊक असणे म्हणजे पारख असणे नव्हे.

२. गरिबांचा प्रश्न. यहूदाच्या मनात कपट होते म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. गरीब सदैव तुमच्याजवळ आहेत, ह्या प्रभूच्या उद्गारामागे अनुवाद १५:११ आहे, आणि तेथे गरिबापुढे हात सैल सोडण्याची आज्ञा आहे. आमोस तर उत्तम तेल अंगाला लावून योसेफाच्या दुर्दशेचे दुःख न करणाऱ्यांना धिक्कारतो. म्हणून आपल्या चैनीच्या बाटलीला मरीयेचे नाव देता येणार नाही. तिने ते तेल स्वतःला लावले नाही.

३. मरीयेची कसोटी. आमोसाने ज्याचा धिक्कार केला, तेच उंची तेल बेथानीत प्रशंसेस पात्र ठरले. फरक तेलात नव्हता. ते कोणासाठी ओतले ह्यात होता. मेलेला भाऊ जिवंत होऊन पंक्तीस बसला होता, आणि ज्याने त्याला उठवले तो स्वतः मरणाकडे चालला होता. मरीयेने थेंब मोजले नाहीत. घर सुवासाने भरले, आणि तो सुवास तेथील प्रत्येकाला फुकट मिळाला.

आम्हांला वाटते, खर्च करताना प्रत्येकाने स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या : वस्तू खरी आहे काय? ती कोणासाठी आहे? तिच्यामुळे कोणा गरजवंताचा वाटा तर जात नाही ना? उत्तर देताना संकोच वाटला, तर बाटली दुकानातच राहू द्यावी. पण कोणी प्रेमाने दिलेल्या दानाची किंमत काढून त्याला हिणवू नये.

शिक्षकांसाठी : वर्गाच्या कोपऱ्यात अत्तराचा एक थेंब कापसावर ठेवा. वास शेवटच्या मुलापर्यंत पोहोचला की पाठ सुरू करा.

चर्चेसाठी प्रश्न :
(१) यहूदाचे बोलणे योग्य वाटले, तरी त्याचे चुकले कोठे?
(२) आमोसातील तेल व मरीयेचे तेल ह्यांत फरक काय?
(३) आपल्या मंडळीत कोणाच्या दानाला आपण कमी लेखले आहे काय?