मुदत संपलेले नाव

जुनी इंदूर भागात पत्ता विचारला तर घराचा क्रमांक क्वचितच कोणी सांगतो. शनी मंदिराच्या अलीकडे, अमक्यांच्या वाड्यासमोर, अशी खूण मिळते. वाडा पडून मजल्यांची इमारत उभी राहिली तरी नाव वाड्याचेच चालते. असे रुळलेले नाव भलत्याच माणसाने घेतले तर काय होते, हा या पाठाचा विषय होय. आम्हांस तो अनुभवाने शिकावा लागला.

आपल्या न्यासाच्या संकेतस्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, एका उत्साही कार्यकर्त्याने स्वतःच्या नावे नोंदविले होते. पुढे ते नोकरीनिमित्त परगावी गेले. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्यांच्या जुन्या ई-मेलवर जात राहिली. ऐन शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत पान उघडेना, तेव्हा आम्ही जागे झालो. नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट भरून नाव सोडविले. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. विचारणा आम्हीच केली नव्हती.

डोमेन विकत मिळते, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते भाड्याचे असते. ‘.कॉम’ वा ‘.ऑर्ग’ नावाची मुदत संपली की नोंदणी करणारी कंपनी ते जास्तीत जास्त ४५ दिवस राखू शकते. पुष्कळ कंपन्या याच काळात त्याचा लिलावही मांडतात. नाव रद्द केले तर ३० दिवस जुन्या धारकास जादा दंड भरून ते सोडविता येते. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणासही मोकळे.

अशा नावांवर टपून बसलेले लोक आहेत. आपल्या लहानशा न्यासाच्या नावाचे त्यांना काय मोल, असे वाचक विचारतील. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी पानांचे महत्त्व मोजण्याची जी रीत मांडली, तीत एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा हे एक प्रकारचे मत मानले जाते. आणि वजनदार पानाचे मत अधिक वजनाचे. गूगलचा शोध याच पायावर उभा राहिला. शाळा, वृत्तपत्रे, देणगीदार यांनी वर्षानुवर्षे आपल्याकडे दिलेले दुवे ही जणू पेढीची पत झाली. नाव घेणारा त्या पतीसाठी घेतो. त्यावर जुगाराची वा औषधविक्रीची पाने चढवितो आणि शोधात वर येऊ पाहतो. सराफ्यातील बंद पेढीची पाटी तशीच ठेवून आत खोटे दागिने विकावेत, तसलाच हा धंदा.

५ मार्च २०२४ रोजी गूगलने यास उघडपणे गैरवापर ठरविले. पूर्वी प्राथमिक शाळेचे असलेल्या नावावर जुगाराचा मजकूर, हे त्यांनीच दिलेले एक उदाहरण. मात्र जुने नाव घेऊन त्यावर लोकांच्या खऱ्या उपयोगाचे नवे स्थळ उभारण्यास हरकत नाही, असेही त्यांनी सांगितले आहे. हा भेद आम्हांस योग्य वाटतो. बंद पडलेले वाचनालय कोणी त्याच नावाने पुन्हा चालविले, तर त्याला कोण हसेल?

पण शोधातील क्रमांकाहून मोठी काळजी पत्रव्यवहाराची. नाव ज्याच्या हाती, त्या नावाच्या ई-मेलवर येणारी पत्रेही त्याला आपल्याकडे वळविता येतात. विद्यार्थ्याचे उत्पन्नाचे दाखले, देणगीदाराच्या बँकेची माहिती, सारे परक्याच्या हाती. गूगलने त्याचे स्थळ खाली ढकलले तरी ही पत्रे थांबत नाहीत.

म्हणून आता नोंदणी न्यासाच्या नावे आहे, स्मरणपत्रे चिटणीस व खजिनदार या दोघांकडे जातात, आणि मुदतीची तारीख सभेच्या नोंदवहीत लिहिलेली आहे. एका वेळी १० वर्षांपर्यंतचे शुल्क भरता येते. आपण ५ वर्षांचे भरले. महोत्सवासाठी निराळे नाव घ्यावे अशी तरुण मंडळींची सूचना होती. ती आम्ही नाकारली. समारंभ संपल्यावर त्या नावाची आठवण कोणास राहिली असती? महोत्सवाचे पान आपल्या जुन्याच नावाखाली आहे.