‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका

आपल्याकडे म्हातारं माणूस विसरू लागलं, चिडू लागलं की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवला जातो. काही घरांत बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे पैसा जातो. दोन्हींत आजार तसाच वाढत राहतो. वृद्धांच्या मनाचे आणि मेंदूचे आजार पाहणारी वैद्यकशास्त्रात स्वतंत्र शाखा आहे. या डॉक्टरांना वृद्ध-मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात. ते नेमके काय करतात, ते या अंकात समजून घेऊ.

त्यांचे पहिले काम म्हणजे सारख्या दिसणाऱ्या तीन आजारांत फरक करणे.

१) उदासीनता (डिप्रेशन) : आजी विहारात यायची बंद होते, जेवण कमी होते, पहाटेच झोप उघडते. ‘मन उदास आहे’ असे ती सांगत नाही. ‘अंग दुखते, जीव घाबरतो, मी तुमच्यावर ओझे झाले’ असे म्हणते. हा आजार औषधाने आणि समुपदेशनाने बरा होऊ शकतो.

२) स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) : हा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. जेवण झाल्याचे विसरणे, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे ही त्याची लक्षणे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना तो आहे, म्हणजे शंभरात सातांपेक्षा जास्त. मात्र बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा थायरॉइडच्या बिघाडानेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपाय आहे. म्हणून रक्ततपासणी आधी करावी लागते.

३) अचानक भ्रम : कालपर्यंत ठीक असलेले आजोबा एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागतात, घरच्यांना ओळखत नाहीत. आपण ‘वात झाला’ म्हणतो. यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी किंवा मीठ कमी होणे, साखर उतरणे अशी कारणे असतात. हे तातडीचे आहे. थांबू नका, 108 ची रुग्णवाहिका बोलवा.

दुसरे काम औषधांचे. वृद्धांचे मूत्रपिंड आणि यकृत मंदावलेले असते, म्हणून डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवतात. बीपी, साखर, सांधेदुखीच्या गोळ्यांशी नवी गोळी जुळते का, हेही पाहतात. त्यामुळे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. दुकानातून परस्पर झोपेची गोळी आणून देऊ नका. तिने तोल जाऊन खुब्याचे हाड मोडू शकते.

तिसरे काम घरच्यांशी बोलण्याचे. रात्रंदिवस सेवा करणारी सून किंवा लेक थकते, रडते, रागावते. तिला कसे वागावे हे सांगणे आणि तिचीही विचारपूस करणे हा उपचाराचाच भाग आहे. घरच्यांनी ही सेवा आळीपाळीने वाटून घ्यावी.

या शाखेचे उच्च शिक्षण लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मिळते, पण असे तज्ज्ञ देशात मोजकेच आहेत. मग रिसोड, मानोरा, मालेगावच्या माणसाने काय करावे? आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि तेथून वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागावी. 2024 पासून वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पुढील तपासणीसाठी अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. प्रवास शक्य नसेल तर ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मराठीतून, मोफत, दिवसरात्र बोलता येते. वृद्धांचा छळ किंवा हेळसांड होत असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

एक गोष्ट विशेष सांगतो. ‘आता जगून काय करू’ असे वृद्ध वारंवार म्हणत असतील तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. मरणाचा विचार मनात येतो का, असे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट मन मोकळे होते. फवारणीचे औषध घरात असेल तर कुलपात ठेवा, त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी 14416 वर फोन करा किंवा दवाखाना गाठा.

या आठवड्यात आपल्या वस्तीत बाहेर पडायचे थांबलेले वृद्ध कोण आहेत, ते पाहा. त्यांच्या घरी जा, दहा मिनिटे बसा, आणि गरज दिसली तर दवाखान्यात सोबत जा.