स्फोट कुठे झाला, ते आधी पाहा

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये अकरा मिनिटांत स्फोट झाले. रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि झोळी करून त्यांनी जखमींना रस्त्यापर्यंत नेलं. पुढे दिलेली कृती अशा धावून जाणाऱ्यांसाठी आहे.

आत शिरण्याआधी क्षणभर थांबा. दुसरा सिलिंडर, लोंबणारी वायर, झुकलेली भिंत, बेवारस पिशवी यांपैकी काही दिसतंय का ते पाहा. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास येत असेल तर विजेचं कोणतंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. बाहेर येऊन ११२ किंवा १०८ ला फोन करा.

मग जागा ओळखा. डबा, बस, खोली अशी बंदिस्त जागा असेल तर स्फोटाची दाबलहर भिंतींवर आपटून परत फिरते आणि माणसाला पुन्हा पुन्हा झोडपते. इस्रायलमधल्या स्फोटांच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उघड्यावर सापडलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के दगावले होते, बसमध्ये सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे. म्हणून बंदिस्त जागेतून बाहेर आलेला, अंगावर ओरखडाही नसलेला माणूस मला सर्वांत काळजीचा वाटतो. दम लागतोय का, छातीत दुखतंय का, खोकल्यातून रक्त पडतंय का, हे त्याला विचारा. कानाला दडे बसले असतील, तेव्हा समोर उभं राहून बोला, नाहीतर लिहून दाखवा. कानाचे पडदे शाबूत आहेत म्हणजे फुप्फुसंही ठीक आहेत, असं धरून चालू नका. दम लागत असेल तर बसतं ठेवा, चालवू नका. आतड्याची इजा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही वर येते. म्हणून खायला-प्यायला देऊ नका, आणि ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी घरी पाठवू नका.

उघड्यावर लहरीचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. तिथे घात करतात ते उडालेले पत्रे, खिळे, काचा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरा. हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रुंद पट्टी काठीने पिळून आवळा आणि वेळ लिहून ठेवा. रुतलेला तुकडा उपसू नका. भाजलेल्या भागावर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. हळद नको, टूथपेस्ट नको.

इमारत कोसळली असेल तर तासन् तास दबलेला पाय ओढून काढण्याची घाई करू नका. चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरलं की हृदय थांबू शकतं. डॉक्टर आधी सलाइन लावतात, मग ओझं उचलतात. आग जवळ येत असेल तरच वाट पाहू नका.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात झाले तसे कारखान्यातले स्फोट असतील, तर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला राहा. रसायन सांडलेले कपडे उतरवा, कोरडी भुकटी आधी झटका, मग भरपूर पाणी ओता.

नेताना गप्प पडलेल्याला आधी उचला. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू आहे. चालू शकणारे स्वतःच जवळचं रुग्णालय गाठतात आणि तिथली जागा भरते. त्यांना शक्यतो थोड्या लांबच्या रुग्णालयात पाठवा.

प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी घाला: जागा बंद की उघडी, स्फोटापासून अंदाजे किती अंतरावर, किती वाजता, कोणतं रसायन, पट्टी कधी आवळली. लहरीने दुखावलेल्या फुप्फुसाला जास्त सलाइन सोसत नाही, आणि यंत्राने जोरात श्वास दिला तर हवा रक्तात शिरू शकते. समोरचा रुग्ण बंद डब्यातून आलाय की रस्त्यावरून, हे डॉक्टरांना त्या चिठ्ठीवरूनच कळेल.