नोकरदाराचे लेखन आणि कचेरीतले वाचक

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याने आपले लेखन सहकाऱ्यांना दाखवावे की नाही, हे सहकारी किती जवळचा आहे यापेक्षा लेखनात काय आहे यावर ठरवावे. मैत्री बदलते, बदल्या होतात, शेजारच्या टेबलावरचा मित्र उद्या वरिष्ठ होतो. लेखन मात्र छापले गेले तसेच राहते.

सर्वांत मोठी अडचण ओळखू येण्याची. समजा, नगरपालिकेतल्या एका कारकुनाने दिवाळी अंकात कथा लिहिली. तिच्यातला अधिकारी रजेचा अर्ज तीन दिवस टेबलावर ठेवतो आणि चौथ्या दिवशी त्यावर ‘चर्चा करा’ असा शेरा मारतो. नाव बदललेले आहे, गावही बदललेले आहे. तरी डबा खाताना कुणीतरी अंक उघडतो आणि म्हणतो, “अरे, हे तर आपले साहेब!” मग प्रत्येक जण स्वतःला शोधू लागतो. ज्याचा कथेशी काही संबंध नाही, तोही दुखावतो. त्यानंतर लेखकासमोर मोकळेपणी बोलणे थांबते. “जपून बोला, उद्या छापून येईल” हे हसत म्हटले जाते, पण ते खरेच असते. लेखकाचे यात दुहेरी नुकसान होते, कारण ज्या बोलण्यातून त्याला माणसे कळत होती, ते बोलणेच त्याच्यापुरते बंद होते.

स्वतःविषयीचे लेखनही कमी अवघड नसते. आजारपण, घरातले तंटे, दुसरीकडे दिलेली मुलाखत हे अनोळखी वाचकाला निव्वळ अनुभव म्हणून पोहोचते. बढतीची यादी करणाऱ्यासाठी मात्र ती माहिती ठरते. असा मजकूर एकालाच विश्वासाने दाखवला, हे समाधान फार काळ टिकत नाही. व्हॉट्सॲपच्या गटात एक छायाचित्र पडले की झाले. अमेरिकेत हेदर आर्मस्ट्राँग हिने स्वतःच्या संकेतस्थळावर नोकरीतल्या गमतीजमती लिहिल्या आणि २००२ मध्ये त्यापायी तिची नोकरी गेली.

टोपणनावाचा आधार मराठीत जुना आहे. गोपाळ हरि देशमुखांनी सरकारी नोकरीत असतानाच १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली. पण आजच्या सरकारी कर्मचाऱ्याने या आधारावर विसंबू नये. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांनुसार सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे, आणि ती निनावी किंवा टोपणनावाने केलेल्या लेखनालाही लागू आहे. याच नियमांत साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाच्या प्रासंगिक कामाला, नोकरीतले काम बिघडत नसेल तर, मोकळीक आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. ते लेखन प्रसिद्धीला देण्यापूर्वी वाचावेत. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातली गोपनीयतेची अट पाहावी. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, सर्वसाधारणपणे मालकाचा असतो. म्हणून स्वतःचे लेखन कचेरीच्या वेळेत आणि कचेरीच्या संगणकावर न केलेले बरे.

किल्ले, पाककृती, पक्षी, अनुवाद अशा विषयांवरचे लेखन खुशाल दाखवावे. चुका काढणारा पहिला चांगला वाचक पुष्कळदा शेजारच्याच टेबलावर असतो. पुरस्कार किंवा वर्तमानपत्रातल्या पुरवणीमुळे बातमी फुटणारच असेल, तर वरिष्ठांना ती लेखकाकडूनच आधी कळावी. दोन वाक्ये पुरतात. कचेरीवर बेतलेली कथा मात्र तिथून बदली झाल्यावर, किंवा तीन-चार माणसांचे गुण एका पात्रात मिसळून, छापायला द्यावी. तोवर ती वहीत राहिली तर तिचे काही बिघडत नाही.

दाखवायचेच ठरले, तर अभिप्रायाची सक्ती नको. प्रत्येक नवा लेख कचेरीच्या गटात टाकला की लोक न वाचताच अंगठ्याचे चिन्ह टाकतात. हाताखालच्या माणसाला “कसे वाटले?” असे विचारणे तर अन्यायाचेच आहे, कारण त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर देता येत नाही. पुस्तक निघाल्यावर त्याच्याकडे प्रत विकत घेण्याचा आग्रह धरू नये. द्यायची तर भेट द्यावी आणि पुढे तो विषय त्यानेच काढला तर बोलावे.