हृदयाचा नवा पाट

असोदा हें आमचें गांव जळगांवाहून फारसें दूर नाहीं. कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचा जन्म १८८० सालीं येथें झाला, म्हणून लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मंडळींस तें ठाऊक आहे; आणि ज्यांस कवितेची आवड नाहीं त्यांस तें वांग्याच्या भरितामुळें ठाऊक आहे. प्रस्तुत लेखाचा आरंभहि त्या भरितापासूनच करावा लागत आहे, ह्याबद्दल वाचकांनीं हसूं नये.

एका हिंवाळ्यांत आमच्या शेजारचे नाना (हें त्यांचें खरें नांव नव्हे, वडीलधाऱ्या माणसास आपण नानाच म्हणतों) मळ्यांतील भरिताच्या जेवणास गेले. वय साठीच्या पुढचें, अंगकाठी सडपातळ, केळीच्या बागेंत दिवसभर राबणारा माणूस. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेतांतून परततांना चढावर त्यांची छाती मधोमध कोणी दगड ठेवावा तशी जड झाली, डावा हात भरून आला आणि जबडा दुखूं लागला. ते बांधावर टेकले, आणि दहा मिनिटांत सारें ओसरलें. ‘कांहीं नही भो, पित्त असीन,’ असें म्हणून त्यांनीं रात्रीच्या भरितावर ठपका ठेवला, ओवा चावला, सोडा घेतला. पुढें पंधरा दिवस हेंच चाललें. चालूं लागलें कीं दुखावें, बसलें कीं थांबावें. आम्ही त्यांस रोज भेटत होतों, आणि आम्हीहि पित्तावरचेच उपाय सांगत होतों. शाळेंत शरीरशास्त्र शिकविणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे, हें लिहितांना संकोच वाटतो. परंतु लिहिणें प्राप्त आहे.

कारण ‘चाललें कीं दुखतें आणि थांबलें कीं राहतें’ ह्या एका खुणेंतच सगळें सांगितलेलें होतें. माणूस चालतो आहे कीं बसला आहे, ह्याची पित्तास फारशी पर्वा नसते. हृदयास मात्र ती असते.

हृदय म्हणजे मुठीएवढा एक पोकळ स्नायु. मिनिटास सुमारें ७० ठोके धरले तर दिवसास एक लक्ष ठोके होतात, आणि दर मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त तो पुढें ढकलतो. विद्यार्थ्यांचा नेहमींचा समज असा कीं, ज्याच्या पोटांतूनच सारें रक्त जातें त्यास रक्ताची काय वाण! परंतु विहिरीच्या तळाशीं पाण्यांत बुडालेल्या पंपास देखील चालण्यासाठीं लागणारी वीज बाहेरून आणून द्यावी लागते. हृदयाचें तसेंच आहे. त्याच्या आंतून वाहणारें रक्त त्याच्या जाड भिंतीस पोसूं शकत नाहीं. हृदयांतून निघणाऱ्या महारोहिणीच्या अगदीं मुळाशीं दोन लहान रोहिण्या फुटतात आणि हृदयाच्या पृष्ठभागावर पसरून त्याच्या स्नायूस रक्त पुरवितात. त्यांस आपण हृद्‌रोहिण्या म्हणूं. डावीच्या लगेच दोन शाखा होतात, म्हणून डॉक्टर मंडळी ‘तीन रोहिण्या’ असें बोलतात. त्यांची रुंदी ती किती? तोंडाशीं ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या एका दाण्याची जाडी. मनुष्याचें सारें चालणें, बोलणें, हसणें, भांडणें ह्या दाण्याएवढ्या वाटेवर अवलंबून आहे.

ही वाट अरुंद कशी होते? ठिबकाच्या नळींत क्षार बसतात तसा थर ह्या रोहिणीच्या आंतल्या बाजूस वरून चिकटत नाहीं. मेद तिच्या भिंतीच्या आंतच, अस्तराखालीं, वर्षानुवर्षें सांचत जातो; पुढें त्यांत चुनाहि जमतो. तंबाखू, बिडी, मधुमेह, रक्तदाब आणि कांहीं घराण्यांत चालत आलेला दोष, हे त्याचे मोठे साह्यकर्ते होत. अंगावर चरबी नसलेल्या नानांस हा रोग कसा झाला, ह्याचें गांवास नवल वाटलें. त्यांच्या खिशांतील तंबाखूच्या पुडीकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

वाट अर्ध्याहून बरीच अधिक अरुंद झाली तरी बसलेल्या माणसास कांहीं जाणवत नाहीं. चढ लागला, ओझें उचललें कीं हृदयास रक्त अधिक हवें असतें आणि तें पोंचत नाहीं. ती त्याची तक्रार म्हणजे ही छातींतील जडता. ह्याहून भयंकर प्रकार निराळा. भिंतींत सांचलेल्या मेदावरचें पातळ अस्तर एखाद्या वेळीं फाटतें, त्या जागीं रक्ताची गांठ धरते आणि वाट एकाएकीं बंद होते. ह्यासच हृदयविकाराचा झटका म्हणतात. मग बसून राहिल्यानें दुखणें थांबत नाहीं, दरदरून घाम सुटतो, आणि रक्तावांचून राहिलेला स्नायु अर्ध्या तासाच्या आंतबाहेरच मरूं लागतो. मेलेला स्नायु परत येत नाहीं. अशा वेळीं ओवा शोधीत बसूं नये. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नानांच्या बाबतींत अस्तर फाटलें नाहीं, हें त्यांचें दैव. त्यांत आमच्या शहाणपणाचा कांहीं भाग नव्हता.

शेवटीं पुण्याहून सुटीस आलेल्या त्यांच्या पुतण्यानें त्यांस जवळजवळ ओढीतच जळगांवास नेलें. तेथें ई.सी.जी. निघाला आणि पुढें अँजिओग्राफी झाली. ह्या तपासणींत मनगटांतून अथवा जांघेंतून एक लवचीक बारीक नळी हृद्‌रोहिणीच्या तोंडापर्यंत सरकवितात आणि क्ष-किरणांत दिसणारें औषध सोडतात. म्हणजे पडद्यावर रोहिण्यांचें जाळें पावसाळ्यांतील नदीनाल्यांच्या नकाशासारखें उमटतें. हिचा शोध चुकून लागला. १९५८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलँड येथें डॉ. मेसन सोन्स हे दुसरीच तपासणी करीत असतां नळीचें टोंक सरकून उजव्या हृद्‌रोहिणींत गेलें आणि सारें औषध तींत शिरलें. आतां रोगी हातचा गेला, असें त्यांस वाटलें. हृदय क्षणभर थांबलें, पुन्हा चालूं लागलें, आणि जगास कळलें कीं ह्या रोहिण्या जिवंत माणसांत पाहतां येतात.

नानांच्या तिन्ही रोहिण्या अरुंद निघाल्या, आणि डावीच्या मुख्य खोडाशींच मोठा अडथळा होता. डॉक्टरांनीं बायपास सांगितली. घरांत रडारड झाली. नाना एवढेंच म्हणाले कीं, काय करणार आहेत तें मला समजल्याशिवाय मी जाणार नाहीं.

समजाविण्यास आम्हांस पुस्तक लागलें नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या बागेस पाणी नेणारी पुरलेली नळी गाडरस्त्याखालीं दबून तुंबली होती. त्यांनीं रस्ता खणला नाहीं. अलीकडे, जेथें पाणी जोरांत होतें, तेथें नवी नळी जोडली, ती रस्त्यावरून पलीकडे नेली आणि तुंबाऱ्याच्या पुढें जुन्या नळीस भोंक पाडून तींत बसविली. तुंबारा आहे तेथेंच राहिला, बाग वांचली. बायपास ती हीच. तींत मेद खरवडून काढीत नाहींत, हृदय बदलीत नाहींत. अडथळा ओलांडून रक्ताचा नवा पाट काढतात.

‘मग नवी नळी कोठली?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. ती रोग्याच्याच देहांतून घेतात. पायाच्या आंतल्या अंगास घोट्यापासून जांघेपर्यंत एक लांब नीला जाते. ती काढली तरी रक्त परत नेण्याचें काम पायांतील खोलवरच्या इतर नीला करतात. येथें एक गंमत आहे. पायांतील रक्त खालीं घसरूं नये म्हणून ह्या नीलेंत जागोजाग झडपा असतात, जशी पंपाच्या नळीच्या तळाशीं असते तशी. म्हणून शस्त्रवैद्य ती उलटी करून जोडतात. सुलटी जोडली तर झडपा रक्त अडवितील. दुसरी नळी छातीच्या हाडामागें मिळते. तेथील रोहिणीचें वरचें टोंक जागींच राहूं देऊन खालचें तेवढें सोडवितात आणि हृद्‌रोहिणीस शिवतात. हा टांका केसाइतक्या बारीक धाग्यानें, भिंगांतून पाहून घालावा लागतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. ‘हृदय थांबविणार, म्हणजे तेवढा वेळ मी मेलेलाच कीं!’ आम्ही क्षणभर निरुत्तर झालों, कारण प्रश्न खरा होता. धडधडणाऱ्या हृदयावर असा टांका घालणें फार कठीण. म्हणून बहुधा तें औषधानें थंड व निश्चल करतात आणि तेवढा वेळ हृदय व फुप्फुस ह्या दोहोंचें काम यंत्राकडे देतात. हें यंत्र घडविण्यांत डॉ. जॉन गिबन ह्यांचीं सुमारें वीस वर्षें गेलीं. ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांनीं एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयांतील छिद्र ह्या यंत्राच्या साह्यानें शिवलें. २६ मिनिटें तिचें रक्त यंत्रानें फिरविलें, आणि ती बरी होऊन घरीं गेली. कांहीं शस्त्रवैद्य मात्र हृदय चालूं ठेवून जोडावयाची तेवढीच जागा उपकरणानें स्थिर धरतात. नानांस यंत्राची गोष्ट पटली. ‘म्हणजे माझा पंप दुरुस्तीस, आणि तोंवर शेजाऱ्याच्या पंपावर बाग,’ असें ते म्हणाले. ह्याहून चांगलें वर्णन आम्हांस साधलें नसतें.

ही शस्त्रक्रिया एका माणसाची निर्मिति नव्हे. १९६४ सालीं लेनिनग्राड येथें वासिली कोलेसोव्ह ह्यांनीं छातींतील रोहिणी हृद्‌रोहिणीस जोडली होती. परंतु तिचा प्रसार झाला तो रेने फावालोरो ह्यांच्यामुळें. हे अर्जेंटिनाचे. त्यांनीं बारा वर्षें हासिंतो आराउस नांवाच्या आडगांवांत गांवठी डॉक्टर म्हणून काढलीं, मग ते क्लीव्हलँडास जाऊन सोन्स ह्यांनीं काढलेलीं चित्रें पाहत बसूं लागले. १९६७ च्या मे महिन्यांत त्यांनीं पायाची नीला वापरून पहिली शस्त्रक्रिया केली. पुढें मोठा मान मिळत असतां ते १९७१ सालीं मायदेशीं परतले. आपल्या देशांत पहिली बायपास १९७५ सालीं मद्रासेंतील पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयांत डॉ. के. एम्. चेरियन ह्यांनीं केली. मुंबईची के.ई.एम्. संस्थाहि ह्या विद्येंत मागें नव्हती, डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनीं १९६८ सालींच तेथें हृदयरोपण केलें होतें, जरी रोगी वांचला नाहीं.

मराठी माणसास ह्या क्षेत्रांतलें अधिक ओळखीचें नांव म्हणजे डॉ. नितू मांडके. पुण्यास शिकलेले, दिलदार, मोठ्या आवाजाचे हे शस्त्रवैद्य घरोघरीं ठाऊक झाले. त्यांनीं असंख्य हृदयांस नवे पाट काढून दिले. अंधेरीस त्यांनीं उभारावयास घेतलेलें मोठें रुग्णालय पुरें होण्यापूर्वीच, २२ मे २००३ रोजीं, वयाच्या ५५ व्या वर्षीं, हृदयविकाराच्याच झटक्यानें त्यांचा अंत झाला. ज्यांच्या हातास हृदयाची इतकी ओळख, त्यांसहि ह्या रोगानें सूट दिली नाहीं. ‘माझी प्रकृति मला कळते’ असें म्हणणाऱ्या आमच्या गांवकऱ्यांस आम्ही हीच गोष्ट सांगतों.

बायपास झाली म्हणजे रोग गेला, हा समज तितकाच घातक आहे. जोडलेल्या नीलांपैकीं सुमारें निम्म्या दहा वर्षांत अरुंद वा बंद होतात; छातींतील रोहिणी मात्र शंभरांत नव्वदांहून अधिक जणांत उघडी राहते. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांची पहिली बायपास १९९० सालीं ब्रिटनमध्यें झाली. पुढें पुन्हा अडथळे आले. जानेवारी २००९ मध्यें मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा ह्यांनीं दिल्लीस जाऊन त्यांच्यावर दुसरी बायपास केली. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांनीं पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली, आणि २६ डिसेंबर २०२४ रोजीं ९२ व्या वर्षीं ते वारले. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर चौतीस वर्षें! परंतु तीं दोन शस्त्रक्रियांनीं आणि नित्याच्या पथ्यानें मिळालेलीं होतीं. सर्वांसच बायपास लागते असेंहि नाहीं. कित्येकांस औषधें पुरतात. कित्येकांची रोहिणी फुग्यानें रुंद करून तींत स्टेंट नांवाची जाळी बसवितात. फुग्याची ही रीत आंद्रेआस ग्रुंट्झिग ह्यांनीं १९७७ सालीं झुरिच येथें प्रथम केली. कोणास काय योग्य, हें रोहिण्यांचें चित्र पाहून डॉक्टरांनीं ठरवावयाचें. शेजाऱ्यास काय झालें होतें त्यावरून नव्हे.

पालकांच्या मनांतील खर्चाचा प्रश्न आम्हांस ठाऊक आहे. राज्य सरकारची जी योजना २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत सुरू झाली (त्यांत आपल्या खान्देशांतील धुळें होतें) आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ह्या नांवानें चालते, तींत ही शस्त्रक्रिया येते. शेत गहाण टाकण्यापूर्वीं योजनेंतील रुग्णालयांत चौकशी करावी.

नानांची शस्त्रक्रिया मुंबईस झाली. ती पांच तास चालली. छातीचें हाड उभें कापून शेवटीं पोलादी तारेनें बांधलें. पहिले दिवस वाईट गेले. खोकला आला कीं उशी छातीशीं घट्ट धरावी लागे. श्वासाच्या व्यायामासाठीं दिलेलें तीन चेंडूंचें नळकांडें त्यांच्याहून नातवंडांसच अधिक आवडलें. हाड सांधेपर्यंत तीन महिने केळीचा घड उचलावयाचा नाहीं, ही आज्ञा त्यांस शस्त्रक्रियेहून जड वाटली. तंबाखूची पुडी त्यांच्या पत्नीनें मुंबईस निघण्यापूर्वींच चुलींत टाकली होती.

आतां ते तोच चढ न थांबतां चढतात. आमच्या वर्गांतील मुलें एकदां त्यांच्या मळ्यांत गेलीं असतां त्यांनीं छातीवरचा व्रण दाखविला नाहीं; धोतर गुडघ्यावर घेऊन पिंढरीवरची लांब रेघ दाखविली, तीवरून बोट वर नेलें, आणि मुलांस म्हणाले, ‘इथली नळी काढली पोरांहो, अन् तिथं उलटी बसवली. झडप असते ना!’